तिसऱ्या भागाची शेवटची पानं

“हा शेवट आपण आधी वाचलाय,” चष्मिष म्हणाला.

पलंगावर ठमी, तिचा धाकटा भाऊ गोट्या आणि शेजारचा चष्मिष एकाच पुस्तकात डोकी खुपसून बसले होते. पुस्तक ठमीच्या मावशीनं लिहिलेलं होतं आणि प्रकाशककाकांनी त्याची एक प्रत आधीच घरी पाठवली होती. अंतराळात हरवलेल्या मुलीच्या कादंबरीचा तिसरा आणि शेवटचा भाग. तो लिहून झाला आणि सुट्टी लागायच्या आधीच मावशी गेली. ठमी रडली नव्हती. जेवत होती, झोपत होती, विचारलं तर उत्तर देत होती. दात काढताना इंजेक्शन दिल्यावर गाल होतो, तसं आत सगळं बधिर झालं होतं.

चष्मिषनं दुसरा भाग उघडून शेजारी ठेवला. दोन्हींची शेवटची पानं शब्दन्‌शब्द सारखी!

“प्रती आज दुकानांत जाणार आहेत,” ठमी म्हणाली. “चला.”

प्रकाशककाकांच्या ऑफिसखालीच छापखाना होता. दारात टेम्पो भरणं चाललं होतं. काका फोनवर होते.

“काका, शेवटची पानं चुकलीत,” ठमी म्हणाली.

“अगं, मोठ्या लेखकांचे शेवट असेच असतात. तुम्हाला नाही कळायचं.”

गोट्यानं भाबडा चेहरा केला. “तुम्हाला आवडला का हो शेवट?”

“आवडला म्हणजे? डोळ्यांत पाणी आलं माझ्या.”

“दुसऱ्या भागाच्या वेळी पण आलं होतं?” असं म्हणत गोट्यानं दोन्ही पुस्तकं उघडून टेबलावर ठेवली.

काकांनी एक पान पाहिलं, दुसरं पाहिलं आणि फोन खाली ठेवला. मग जिन्यावरून “टेम्पो थांबवा रे!” असं ओरडत ते धावले.

खाली बाइंडिंगच्या खोलीत घडी घातलेल्या छापील कागदांचे गठ्ठे रचलेले होते. बाइंडरमामांनी कपाळावर हात मारला. दुसऱ्या भागाची नवी आवृत्तीही तिथंच बांधली जात होती आणि घाईत गठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती.

चष्मिषनं दुसऱ्या भागाच्या ढिगातून शेवटच्या पानांची एक घडी उचलली. “ठमे, आपल्या पुस्तकात चुकीची पानं सुरू होण्याआधीची शेवटची ओळ वाच.”

“‘तिनं यानाचं दार ढकललं आणि’,” ठमीनं वाचलं.

“‘बाहेर उजेड होता.’ जुळलं! पुढे—”

“पुढचं वाचू नकोस,” ठमी म्हणाली.

संध्याकाळी नीट बांधलेली पहिली प्रत काकांनी ठमीच्या हातात दिली. “तुम्ही नसतात तर माझी अब्रू गेली असती आणि तुझ्या मावशीची गोष्ट अर्धीच राहिली असती. ऐकायला हवं होतं मी तुमचं.” बाइंडरमामांनी तिघांची पाठ थोपटली.

गोट्या आणि चष्मिष दुसरी एक प्रत घेऊन तिथल्याच बाकावर शेवट वाचू लागले. ठमीनं मात्र आपली प्रत मिटून मांडीवर ठेवली.

“तू नाही वाचणार?” चष्मिषनं विचारलं.

“वाचेन. पण एवढीच पानं उरलीत. नंतर मावशीचं नवं काही येणार नाही.” बोलता बोलता तिचा आवाज फाटला. आपले गाल ओले झाल्याचं तिला हात लावल्यावर कळलं.

गोट्याच्या पोटात काही राहायचं नाही. पण त्यानं शेवटचं पान वाचून पुस्तक मिटलं, दोन्ही हात तोंडावर घट्ट धरले आणि घरी पोचेपर्यंत ते काढलेच नाहीत.