आधी कोणता पाय

पडद्यावरच्या ताकद दाखवणाऱ्या दोन रेघा याही वेळी एकमेकींशी फटकूनच राहिल्या. उजव्या बाजूची वर, डाव्या बाजूची खाली. शबनम मुजावरने हातातला बार रबरी मॅटवर आदळला.

“चार वर्षं हेच बघतेय! डाव्या हातानं एकट्यानं डंबेल मारते, डाव्या पायावर एकट्यानं उठाबशा काढते. उजव्याला नुसतं जेवायला ठेवलंय. तरी फरक आहे तेवढाच. लई वैताग आलाय, मॅडम.”

मिरजेच्या त्या स्नायुचेता प्रयोगशाळेत तिला तिचे वेटलिफ्टिंगचे प्रशिक्षक मगदूम सर घेऊन आले होते. शबनम बार खांद्यापर्यंत सहज घ्यायची. पण जर्कमध्ये, म्हणजे खांद्यावरचा बार एका झटक्यात डोक्यावर नेताना, तिचं डावं कोपर वाकायचं आणि प्रयत्न बाद ठरवणारे पंचांचे लाल दिवे लागायचे. आशियाई स्पर्धेची निवड चाचणी तोंडावर आली होती. वय बघता ही शेवटचीच संधी होती.

“ताकद नुसती मांसात नसते,” प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. चारुलता केतकर म्हणाल्या. “मेंदू स्नायूला जो हुकूम देतो, त्यातही असते. तू डाव्याला शिकवतेस, पण ती शिकवण मेंदूच्या दोन्ही भागांत पाझरते. डावा शिकला की उजवाही थोडं फुकटात शिकतो. मग अंतर मिटणार कसं?”

“म्हणजे इतकी वर्षं मी उजव्याचीच शिकवणी घेतली?”

“काही अंशी, हो.”

शबनमला हसावं की रडावं तेच कळेना.

डॉक्टरांनी मानेमागे चिकटवायची एक पातळ पट्टी पुढे केली. तिचं नाव त्यांनी चेतातुला ठेवलं होतं. मेंदूकडून दोन्ही बाजूंना निघालेले हुकूम ती तोलायची आणि जो कमी पडेल त्यात भर घालायची. महिन्याभरात मेंदूला तीच सवय लागली की पट्टी काढून टाकायची.

“आणि तोवर जर्क बंद,” डॉक्टर म्हणाल्या. “जुनी वाकडी सवय परत नको.”

“मग हिच्यात उजवं-डावं असं काही राहणारच नाही?” मगदूम सरांनी विचारलं.

“नाही. तेच हवंय ना तुम्हाला?”

सर कुरकुरले. “नवीन पोरगी आली की मी तिला न सांगता मागून हलकेच ढकलतो. सावरायला जो पाय पुढं येतो, तोच जर्कमध्ये पुढचा. हिचा उजवा आला होता. त्याच्यावर हिचा सगळा जर्क उभा आहे, मॅडम.”

“सर, पाय काही कुठे जात नाहीत,” डॉक्टर हसून म्हणाल्या.

महिन्याभराने दोन्ही रेघा एकमेकींवर अशा बसल्या की दोन आहेत हे सांगूनही खरं वाटलं नसतं. डॉक्टरांनी पट्टी काढली, मगदूम सरांनी पेढे वाटले. त्याच दिवशी जिना उतरताना शबनम वरच्या पायरीवर क्षणभर थबकली.

“काय गं, काही विसरलीस?”

“नाही सर. पाय ठरवत होता.”

दोघंही हसले.

चाचणी दुसऱ्याच दिवशी होती. तिच्या आधीच्या सरावात हलक्या वजनाचे जर्क नीट झाले. हलक्या वजनाला विचार करून पाय टाकायला सवड मिळत होती. मग प्लॅटफॉर्मवर खरं वजन आलं. शबनमने बार खांद्यावर घेतला, अगदी सरळ, एका रेषेत. गुडघ्यांत किंचित वाकून तिने तो वर उडवला. आता एक पाय पुढे आणि एक मागे जायला हवा होता. दोन्ही जागचे हलले नाहीत. बार समोर कोसळला.

“उजवा टाक! उजवा!” सर खालून ओरडले.

दुसऱ्या खेपेला ती मनात उजवा, उजवा घोकत राहिली. मनाचं बोलून होईतो बार खाली आला होता. तिसऱ्या वेळी तिने पाय जागीच ठेवून तो रेटायचा प्रयत्न केला, पण एवढ्या वजनाखाली शिरायला पाय फाकावेच लागतात. चाचणी संपली.

“दोन्ही पायांना पुढे जाण्याचा हुकूम एकाच क्षणी, सारख्याच जोराने गेलाय,” मागच्या सरावाच्या खोलीत तिच्या पायांना तारा लावून घेतलेल्या नोंदी बघत डॉक्टर पुटपुटल्या. “कोणीच माघार घेत नाही. मी फक्त दोन्ही बाजू एकच काम करतात अशाच हालचाली तपासल्या. चूक माझी आहे.”

“मग परत पहिल्यासारखं करा!” शबनम ओरडली. “वाकडं कोपर द्या मला. चालेल!”

“चेतातुला कमी असेल ते भरून काढते, शबनम. तुझ्यात आता कमी काहीच नाही. ती भरणार काय?”

शबनमने डोळे पुसले, मॅटवर जाऊन सरळ उभी राहिली आणि सरांकडे पाठ केली.

“सर, ढकला. पहिल्या दिवशीसारखं. मला सांगू नका कधी ते.”

सर तिच्यामागे जाऊन उभे राहिले. मग त्यांनी तिला हलकेच ढकललं.

शबनम सरळ पुढे पडली. पाय होते तिथेच होते. दोन्ही तळहात मात्र मॅटवर अगदी एकाच वेळी टेकले.