शिवणवाल्या काकूंचं कनेक्शन

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी मी हे कुणाला सांगत नाही, कारण ऐकणारा आधी माझ्याकडे बघतो आणि मग घड्याळाकडे.

आमचा धंदा घरचाच. मामा गळ्यात घालायची बटणं बनवतो. एकटी राहणारी वयस्कर माणसं ती घालतात. पडलं-झडलं, दुखलं-खुपलं, की बटण दाबायचं. ते आमच्या सर्व्हरशी जोडलं जातं आणि इकडून मामी बोलते. सर्व्हरचा प्रोग्राम माझा, सी भाषेत लिहिलेला. आम्ही तिघं बसतो एका तळघरात. तिथं भर दुपारीही दिवा लावावा लागतो, ओल्या सिमेंटचा वास येतो, आणि मामीच्या गप्पा चालू असल्या की सर्व्हरचा पंखासुद्धा हळू फिरतोय असं वाटतं.

त्या दुपारी मामा सोल्डरिंग करता करता म्हणाला, "एक काम कर. शिवणवाल्या काकूंचे कॉल बंद करून टाक."

या काकू बायकांचे कपडे शिवायच्या. महिन्याभरापूर्वी झोपेतच गेल्या. मामानं स्वतः जाऊन त्यांचं बटण परत आणलं, बॅटरी काढली, आणि ते त्याच्या टेबलावर उघडं पडलं होतं. तरी सकाळपासून त्याच नंबरवरून कनेक्शन येत होतं. एकामागून एक. आमच्या लायनी मोजक्याच. त्या अडल्या आणि एका आजोबांना बटण दाबून बराच वेळ ताटकळावं लागलं. पलंगावरून घसरले होते बिचारे. लागलं नाही फारसं, पण मामा हादरला.

"दुसऱ्या कुठल्या बटणावर चुकून तोच नंबर चढला असणार," तो म्हणाला. "ते मी शोधतो. तोवर हे थांबव."

आता नकार देणं वाटतं तितकं सोपं नसतं. फोन वाजतोय तोवर कोण आहे ते कळत नाही. उचलायचा, आवाज ऐकायचा, मग ठेवायचा. इथंही तसंच. कनेक्शन आधी स्वीकारायचं, नंबर तपासायचा, नको असेल तर तोडायचं. तोडण्याच्याही दोन तऱ्हा. एक सभ्य, उरलंसुरलं बोलणं पोचू देऊन निरोप घेण्याची. दुसरी तडकाफडकी. त्यासाठी 'लिंगर' नावाची सेटिंग शून्य करायची. लिंगर म्हणजे रेंगाळणं. ते शून्य केलं की पलीकडच्याला सरळ हाकललं जातं, आणि आपल्याला हाकललंय हे त्याला कळतंही.

मी दुसरी तऱ्हा निवडली. चार ओळी लिहिल्या, प्रोग्राम पुन्हा चालू केला.

कनेक्शन आलं. तुटलं. लगेच परत आलं. तुटलं. मग इतक्या घाईनं येऊ लागलं, की पडद्यावरच्या ओळी वाचता येईनात. आणि खोलीत एक वेगळाच वास पसरला. शिवणयंत्राच्या तेलाचा.

मामानं सोल्डरिंगची कांडी खाली ठेवली. मामी, जिला गप्प बसलेलं मी लग्नाच्या फोटोतसुद्धा पाहिलेलं नाही, ती गप्प झाली.

"तोडू नकोस," ती हळूच म्हणाली. "मला बोलू दे... कुणी असेल तर."

मी त्या ओळी काढल्या. आलेलं कनेक्शन मामीच्या स्पीकरवर दिलं.

"बोला काकू... काय हवंय?"

पलीकडून यंत्राचं पायडल चालल्यासारखी खटखट आली. थांबली. मग भिंतीवर कुणी टिचक्या मारल्यासारखा आवाज. आणि त्याच्याही पलीकडून, फार लांबून, एक थकलेली हाक.

"ताई... अगं ए ताई..."

मामी ताडकन उठली. "अहो, या तर काकूंच्या शेजारच्या गाण्याच्या बाई. काकूंशी बोलताना मागून ऐकू यायच्या."

या बाई गाणं शिकवायच्या. त्यांचं न् काकूंचं घर एकाच भिंतीला लागून. आमचं बटण द्यायला मामा गेला होता तेव्हा त्यांनी त्याला दारातूनच परतवलं होतं. "मी काय लिफ्ट आहे, बटण लावून घ्यायला?" असं म्हणाल्या होत्या.

मामानं चप्पल घातली की नाही कुणास ठाऊक. स्कूटरवरून गेला, कडी तोडून आत शिरला. बाई न्हाणीघरात पडलेल्या, मांडीचं हाड मोडलेलं, ओठ सुकून गेलेले. रात्रभर तशाच होत्या. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळ झाली असती तर कठीण होतं.

दवाखान्यात बाई शुद्धीवर आल्यावर मामीनं त्यांना विचारलं, "तुम्ही काकूंना हाक मारत होतात?"

"सवय हो," बाई म्हणाल्या. "ती गेली हे ठाऊक होतं मला. पण भिंतीपलीकडून टिचक्या आल्या. म्हणाली, थांब, सांगते त्यांना." मग जरा फुरंगटून म्हणाल्या, "म्हणाली, मेली फोन आपटतायत सारखा."

मामीनं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

त्यानंतर ते कनेक्शन आलं नाही. मामाला दुसरं बटणही सापडलं नाही. गाण्याच्या बाई बऱ्या झाल्या, आणि आता बटण असं वापरतात की विचारू नका. भाजी काय करू, शेजारचा मुलगा बेसूर का गातो, सगळं मामीला विचारतात. मी मात्र प्रोग्राममध्ये एक कळ ठेवली आहे, हातानं कनेक्शन तोडायची. असावी आपली.

परवा बाई काठी टेकत आमच्याकडे आल्या. चहा झाला. वरचं दार सताड उघडं होतं, जिन्यावर ऊन पडलं होतं. मामीनं मामाच्या घोरण्याची नक्कल केली आणि बाई अशा खळखळून हसल्या, की मामालाही हसू आवरेना. तेवढ्यात पडद्यावर शिवणवाल्या काकूंचा नंबर उमटला.

मी हेडफोन कानाला लावला. पलीकडे दोन बायका हसत होत्या. एक आवाज ओळखीचा नव्हता; काकूंशी मी कधी बोललेच नव्हते. दुसरा बाईंचा होता. तेच हसणं, मध्येच श्वास अडकणारं, तसंच्या तसं... पण समोरच्या हसण्याच्या किंचित आधी.

माझा हात आपोआप कळेवर गेला. मी कनेक्शन तोडलं.

समोर बाई हसता हसता थांबल्या. वरचं दार तसंच सताड उघडं होतं. बाईंनी कप खाली ठेवला, आणि माझ्याकडे बघून अगदी मायेनं म्हणाल्या,

"दार का लावलंस गं?"