बाकावरचा सर्जन

जिन्याच्या कठड्याला बांधलेला धागा मनगटात अडकला आणि तिच्या हातातला डबा सुटता सुटता वाचला. पायरीवर एक डॉक्टर बसला होता. एका हाताने भराभर गाठी मारत.

"जिना आहे की माग?"

"सॉरी! हात गंजू नये म्हणून सराव करतोय."

तिने वाकून पाहिलं. शिलाईचं दुकान चालवणारीला राहवतंय थोडंच! "गाठ देखणी आहे. पण धागा फार आवळता."

"आमच्या मोठ्या मॅडमही हेच म्हणतात," तो हसला. "शिकवणी लावू का तुमच्याकडे?"

"फी परवडायची नाही."

वॉर्डात पोचली तर हाच तिच्या दादाचा सर्जन निघाला. दादाने तिला आईबापाविना वाढवलं होतं. आता त्याच्या स्वादुपिंडाची नळी खड्यांनी तुंबली होती. त्यातला पाचकरस आतच कोंडायचा आणि कळ आली की तो गुडघे छातीशी घेऊन पडायचा.

दोन आठवडे तपासण्या चालल्या. रोज दुपारी व्हरांड्यातल्या मशिनचा पाणचट चहा दोघं सोबत पिऊ लागले. चहा वाईटच होता... तरी कप संपवायची घाई कुणालाच नसायची.

मग एका सकाळी त्याने कागदावर चित्र काढलं. "दोन वाटा आहेत. घशातून दुर्बीण घालून तुंबलेल्या नळीत प्लास्टिकची बारीक नळी बसवायची. पोट फाडावं लागत नाही, पण दर काही महिन्यांनी ती बदलावी लागते. किंवा ऑपरेशन. नळी लांबीला उघडायची, खडे काढायचे आणि लहान आतडं तिला जोडायचं. मग रस थेट आतड्यात."

"म्हणजे एक ठिगळ," ती म्हणाली, "आणि एक उसवून नीट शिवणं."

"अगदी! नळी बरीच फुगलीय, त्यामुळे ऑपरेशनने जास्त काळ आराम पडेल असं वाटतं. पण शब्द नाही देत. धोकाही आहे."

"ठिगळच बरं," दादा घाईने म्हणाला. "महिनाभर दुकान बंद ठेवून ही उशाशी बसणार का?"

"दुकानाचं निमित्त नको, दादा. घरी रात्री उशी दातात धरून कण्हतोस, ते भिंतीपलीकडे ऐकू येतं मला."

दादाने उशी बाजूला सारली. "बरं. पण हात यांचेच हवेत."

"हो, यांचेच," ती म्हणाली.

डॉक्टरने कागदाची घडी घातली. "मी नाही करणार. मोठ्या मॅडम करतील." आणि तो निघून गेला.

ती त्याच्यामागे धावली. व्हरांड्यात चहाच्या मशिनशी तिने त्याला गाठलं; सवयीने त्याने दोन कप भरले होते. "इतके दिवस गोड बोललात, आणि ऐन वेळी अंग काढून घेता?"

"मॅडमचा हात माझ्यापेक्षा बसलेला आहे."

"मी ते नाही विचारलं!"

तो खिडकीकडे पाहत राहिला. "आमच्यात एक रीत आहे... घरच्या माणसावर स्वतः सुरी चालवायची नाही. हात थरथरतो."

"घरचं माणूस? कोण?"

त्याने फक्त तिच्याकडे पाहिलं. मशिनशेजारी दोन कप निवत राहिले.

"हे मला आधी सांगायचं की मॅडमना?" तिने कपांकडे पाहत विचारलं.

"मॅडमना सांगणं सोपं गेलं."

ऑपरेशनच्या दिवशी तो साध्या शर्टात तिच्याशेजारी बाकावर बसला. स्ट्रेचरवरून दादाने मान वळवली. "हे काय, हे बाहेर? छान! माझं पोट आत आणि डॉक्टर बाकावर!" दार मिटलं.

एक तास. तीन तास. त्या दाराआड कितीदा तरी गेलेला माणूस, पण बाहेर कसं बसायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. गुडघ्यावरचे त्याचे हात नुसत्या हवेत गाठी मारत होते. तिने त्यांवर आपला हात ठेवला... आणि ठेवलेलाच राहू दिला.

पाचव्या तासाला दार उघडलं. मोठ्या मॅडम मास्क खाली ओढत बाहेर आल्या. चेहरा थकलेला, पण डोळे निवांत.

"पेशंटच्या घरचं कोण आहे?" त्यांनी सवयीने विचारलं.

बाकावरून दोघं एकदमच उठले.