डाव्या बाजूची खरखर

त्या दिवशी वारा पडला होता. आभाळ राखेच्या रंगाचं, आणि गच्चीवर वाळत घातलेली चादर जागची हलत नव्हती. दुपारी मी रोजच्यासारखा लेकीच्या खोलीत गेलो. ती घरीच गाणी रेकॉर्ड करायची. तिला जाऊन वर्ष होत आलं. मागे राहिलं एक गाणं आणि टेबलावरचे दोन स्पीकर. मला त्यातलं काही कळत नाही. एक बटण तेवढं तिनं दाखवून ठेवलेलं.

पण हल्ली गाण्यात खरखर येऊ लागली होती. तिच्याबरोबर काम करणाऱ्या मित्राला मी फोन केला.

"खरखर कुठं आहे, काका?"

"डाव्या बाजूला. सूर वर चढला की जास्त."

बोलल्यावर लक्षात आलं. डॉक्टरांनाही मी हेच सांगितलं होतं, डाव्या बाजूला... तिच्या छातीबद्दल.

तो आला. मोबाईलमुळे खरखर येते का बघायला तो बाहेर ठेवला, वायरी बदलल्या, डावा स्पीकर उजवीकडे नेला. खरखर त्याच्यामागोमाग उजवीकडे गेली.

"हा खोकाच आजारी आहे," तो हसला. "घरातल्या माणसांसारखा हट्टी."

मग त्यानं गाणं थांबवलं. वायर काढली. शेवटी प्लगही उपसला. खोली गप्प झाली, आणि त्या शांततेत... खर्र... जरा थांबून, पुन्हा खर्र... छातीला लावायच्या मलमाचा वास आला.

"आत थोडी वीज उरते, काका..."

"इतका वेळ?"

तो माझ्याकडे बघेना. मी खोक्याच्या पाठीवर हात ठेवला. कोमट होती. तिच्या पाठीवरून फिरवायचो तसाच फिरवत राहिलो. खरखर हळूहळू निवली.

"दुकानात नेतो. नाहीतर गाणं असंच फाटत जाईल."

मला तिचा आवाज हवा होता, स्वच्छ. मी खोका जुन्या शालीत गुंडाळून त्याच्या हातात दिला. "जा, बरा होऊन ये" म्हणायचं होतं, तर तोंडातून निघालं, "जा, बरी होऊन ये." तो जिना उतरला. मी दार लावलं.

थोड्या वेळानं शेजारीण आली. नवीनच राहायला आलेली, आमच्या घरचं तिला काही ठाऊक नाही. दारातच दबक्या आवाजात म्हणाली,

"आजोबा, एवढी धाप लागलेली मुलगी, तिला कशाला पाठवलंत त्या माणसामागं? जिन्यात भिंतीला टेकून उभी होती. म्हटलं, घरी सोडू का परत? तर म्हणाली, नको... बाबांनीच जा म्हटलंय."