तळ्याचं वर्ष

प्रश्नशिळेवर ती बाई अकराव्यांदा येऊन उभी राहिली तेव्हा डॉ. कुमुद आजगावकर प्रयोगशाळेत डब्यातले पोहे खात होती.

शिळा खरी नव्हती आणि रूढ अर्थाने पाहिलं तर बाईही खरी नव्हती. कोल्हापुरातल्या एका खेळ-निर्मितीगृहाने घडवलेल्या प्रतिसृष्टीत ती राहत होती. महिन्याभरात ते जग खेळाडूंसाठी खुलं होणार होतं. लोक त्यात शिरणार, डोंगरावरच्या कातळी किंवा पाण्याकाठच्या सरोवरी जमातीतला एखादा देह निवडणार आणि तलवारी परजणार. पण त्याआधी त्या जगाला इतिहास हवा, गाणी हवीत, जुनी भांडणं हवीत. म्हणून गेले तीनशे दिवस ते आपलं आपण चालू ठेवलं होतं. इकडचा एक दिवस म्हणजे तिकडचं एक वर्ष. तिथली माणसं स्वयंचर होती, म्हणजे त्यांना बाहेरून कुणी चालवत नव्हतं. ती जन्मत, शिकत, लक्षात ठेवत, जोडीदार शोधत आणि मरत. त्यांना देह कसा मिळावा आणि कुणाच्या पोटी काय जन्मावं, हे अनुवंश-नियम मात्र कुमुदने लिहिले होते.

"मॅडम, ही बघा तुमची गिऱ्हाईक," फिरोज तांबोळी पडद्याकडे बोट दाखवत म्हणाला. प्रतिसृष्टीची यंत्रणा त्याच्याकडे होती. नियमांतल्या चुका कळाव्यात म्हणून ती शिळा त्यानेच डोंगरात ठेवली होती. तिथल्या कुणालाही काही खटकलं तर शिळेपाशी येऊन बोलावं, एवढीच सोय. कुणी बोलू लागलं की तेवढ्यापुरता तिथला वेळ इकडच्या गतीने चाले. उत्तर कधी कुणी दिलं नव्हतं. "दरवर्षी येती. दरवर्षी तेच."

बाईचं नाव दिठी. वय अडतीस. आई कातळी म्हणून कातडी राखाडी, बाप सरोवरी म्हणून डोळे हिरवट.

"शिळे, पुन्हा विचारते," दिठी म्हणाली. "मला मूल का होत नाही? माझ्यात काय कमी आहे ते एकदा सांग. म्हणजे मी वाट बघायची थांबेन."

कुमुदने डबा बाजूला ठेवला.

"खेचर पाहिलंयस?" तिने विचारलं.

"आमच्याकडं वीटभट्टीवर होती की. राबायला एक नंबर."

"आणि पिल्लू होत नाही. घोड्याची गुणसूत्रं चौसष्ट, गाढवाची बासष्ट. दोघांकडून निम्मी निम्मी आली की खेचराकडे त्रेसष्ट. चपलांचे एकतीस जोड आणि एक चप्पल सुटी, असं समज. पुढच्या पिढीसाठी वाटणी करायला जावं तर जोड लागत नाहीत."

"म्हंजे हिच्यातली एक चप्पल सुटी हाय?"

"हिच्यात काहीच सुटं नाही. हिला गुणसूत्रं नाहीतच. मी नुसती एक ओळ लिहिली. मिश्राचं मूल: शून्य. तुमच्या संचालकांना दोन जमाती वेगळ्या राहायला हव्या होत्या. मिश्रांना मुलं झाली असती तर दोनशे वर्षांत सगळे एकाच रंगाचे झाले असते. खेचरावरून सुचलं आणि लिहून टाकलं. दहा मिनिटंसुद्धा लागली नसतील."

फिरोज हसला. "देव झालं की असंच असतं मॅडम. नाष्टा करता करता कुणाचं तरी नशीब लिहून होतं."

त्याने चेष्टा केली, पण कुमुदला ती झोंबली. तीस वर्षं तिने माशांच्या संकरावर काम केलं होतं. वांझ पिढ्या तिने शेकड्याने मोजल्या होत्या आणि एकीनेही तिला कधी कारण विचारलं नव्हतं. या बाईने अकरा वर्षं विचारलं होतं. कुमुदला स्वतःची लाज वाटली.

"ओळ काढून टाकू," ती म्हणाली.

"आधी या जगाची प्रत घेतो आणि प्रतीवर चालवून बघू. चार दिवस द्या."

"चार दिवसांत ती बेचाळीसची होईल."

"मॅडम, ती आकडेमोड हाय."

"आकडेमोड वाट बघत नाही फिरोज. आजच काढ."

अपराधी माणसाला घाई फार. फिरोजने स्मृतिप्रत घेऊन कुलूपबंद ठेवली, ती चालवून पाहायला मात्र कुमुद थांबली नाही. ओळ गेली. दुसऱ्या दिवशी दिठीला मुलगी झाली. फिरोजने पेढे आणले आणि कुमुदने, दहा महिन्यांत पहिल्यांदाच, आठ दिवसांची रजा घेतली. गावी जाऊन ती निवांत झोपली, काजूच्या बागेत फिरली. आपल्या हातून एक चूक झाली होती आणि ती आपण निस्तरली, असं तिने बहिणीला सांगितलंसुद्धा. फोन तिने मुद्दाम बंद ठेवला होता.

तिकडे आठ हिवाळे गेले.

ती परतली तेव्हा फिरोज दारातच उभा होता. नेहमीची चेष्टा नाही, काही नाही.

"एकूण माणसं वाढत होती, म्हणून मीबी आत बघितलं नाही," तो म्हणाला. "मिश्रांची पोरं धडाधड होत होती. फलकावर सगळं हिरवं. काल जमातीवार आकडे काढले. कातळ्यांची पोरं मेलीत. एक हजार नऊशे चौदा. सगळी सहा वर्षांच्या आतली. सगळी थंडीत."

कुमुदने कातळींचे अनुवंश-नियम पडद्यावर उघडले.

कातळींना तिने शीतरक्त दिलं होतं. उघड्या डोंगरावर अन्न कमी आणि शीतरक्ताच्या देहाला फार खावं लागत नाही, हा त्यामागचा विचार. पण त्या डोंगरावर झाड उगवत नव्हतं, म्हणून सरपण नव्हतं, आणि आईचं अंगच गार असेल तर तिने मुलाला पोटाशी धरून उपयोग नव्हता. पहिल्या साठ वर्षांत कातळींची निम्मी मुलं गारठून गेली होती. मग मृत्यू एकाएकी कमी झाले. कुमुदने तेव्हा अहवालात 'स्वाभाविक अनुकूलन' असं लिहिलं होतं आणि संचालकांनी तिचं अभिनंदन केलं होतं. मृत्यू का कमी झाले, हे पाहायला ती एकाही घरात डोकावली नव्हती. तिच्या तक्त्यात जन्माचा रकाना होता. मूल वाढवतं कोण, याचा नव्हता.

आज तिने पहिल्यांदा एका घराची नोंद उघडली. दिठीच्या आईच्या घराची.

लग्न ठरलेली कातळी मुलगी आधी एक वर्ष तळ्यावर जाऊन राहायची. सरोवरी पुरुषापासून तिला पहिलं मूल व्हायचं, ते पाठीशी बांधून ती डोंगर चढायची आणि मग कातळी नवऱ्याचं घर मांडायची. नवरा त्या मुलाला वाजतगाजत घरात घ्यायचा. याला ते 'तळ्याचं वर्ष' म्हणत. कुमुदला ही चाल ठाऊक होती. तरुणपणचा उच्छृंखलपणा, असं समजून तिने ती सोडून दिली होती.

"पहिलं मूल मिश्र," ती हळू आवाजात म्हणाली. "म्हणजे सरोवरी बापासारखं उष्ण रक्ताचं. बारा-तेरा वर्षांचं झालं की धाकट्या कातळी भावंडांना कुशीत घेऊन झोपायचं. पुढे भावंडांच्या मुलांना. प्रत्येक घरात एक. डोंगराला एकच परवडतं, कारण ते तिघांचं खातं."

"आणि त्यांना सोताचं पोर कधी होत नव्हतं," फिरोज म्हणाला.

"म्हणून ती घरात राहायची. भावंडांच्या मुलांपलीकडे त्यांचं कुणी नव्हतंच. मी त्यांना मुलं दिली. उष्ण रक्ताचं बाळ डोंगरावर उपाशी मरणार, म्हणून ती बाळ घेऊन तळ्यावर उतरली. कुठली आई उतरणार नाही? आणि वरची गारठली. मला फक्त दिठीचं गाऱ्हाणं ऐकू आलं, रे. ज्यांचं बरं चाललं होतं ते शिळेपाशी कशाला येतील?"

पुढचे दोन दिवस त्यांनी जे आधी करायला हवं होतं ते केलं. प्रतींवर निरनिराळे नियम चालवून पाहिले. कातळींना उष्ण रक्त दिलं तर पाच वर्षांत दुष्काळ. डोंगरावर झाडं दिली तर सरोवरी कुऱ्हाडी घेऊन वर चढले. मिश्रांपैकी निम्म्यांनाच वांझ ठेवलं तर घरात कुणाला थोरलं म्हणून ठेवायचं यावरून खून पडले.

"जुनी प्रत उघडतो," फिरोज म्हणाला. "दिठीच्या अकराव्या खेपेपासनं पुन्हा सुरू. मेलेली पोरं परत येतील. नियम जुनाच."

"आणि दिठीची मुलगी?"

"ती झालीच नाही, असं होईल. मिश्रांची सगळीच पोरं तशी जातील."

कुमुदला ते करवेना. या खेपेला आपण एकटीने ठरवायचं नाही, असं तिने मनाशी घेतलं. निदान त्यांना विचारावं. दिठी पुन्हा शिळेपाशी आली तेव्हा तीनशे वर्षांत पहिल्यांदा शिळा बोलली.

"दिठी, हा नियम माझा होता. मी कुमुद. तुला मूल होऊ नये असं मीच लिहिलं होतं, आणि पुढे व्हावं असंही मीच."

 दिठीच्या पाठीशी दहा वर्षांची मुलगी उभी होती.

"म्हणजे हे डोंगराचं नव्हतं?" दिठीने विचारलं. "कुणीतरी ठरवलं होतं?"

"हो. फारसा विचार न करता."

"माझी कूस उजवलीस आणि बहिणीचं घर उजाड केलंस. तिची दोन गेली. मी खाली हिला घास भरवत होते, तेव्हा गेली." दिठीचा आवाज चढला नाही. "डोंगरावर राग धरता येत नव्हता ग. आता तुझ्यावर येतो. तेवढं बरं झालं."

"तुम्हीच सांगा आता काय करू. तुम्ही म्हणाल तसा नियम लिहीन."

"मी नाही सांगणार," दिठी म्हणाली. "मी सांगितलं तर ती पोरं माझ्या माथी येतील, नाहीतर ही येईल. लिहिणारी तू. ते तुझ्याच माथी राहू दे."

ती मुलीचा हात धरून डोंगर उतरली, आणि जे ऐकलं ते तिने वाटेवरच्या प्रत्येक घरात सांगितलं.

कुमुदने मधला मार्ग काढला. जन्मलेल्या कुणालाही धक्का नाही, पण यापुढे जन्मणारे मिश्र पूर्वीसारखे वांझ. दहा-बारा वर्षांत घराघरांत पुन्हा थोरली मुलं उभी राहतील, असा तिचा अंदाज होता. नियम तोच, डोंगर तोच, थंडी तीच. मग चालही तीच यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी तळ्यावर गेलेल्या कातळी मुली: शून्य. तिसऱ्या दिवशी शून्य. चौथ्या दिवशी कातळी जन्मही शून्य झाले.

पाचव्या दिवशी लग्नाच्या वयाची एक कातळी मुलगी शिळेपाशी आली. कुमुदने तिला कारण विचारलं.

"आमच्या आया तळ्यावर जायच्या तेव्हा त्यांना वाटायचं, थोरलं वांझ निघतं ही डोंगराची मर्जी," मुलगी म्हणाली. "त्याला दुःख होतं, पण ते आईने दिलेलं नसायचं. आता आम्हाला कळलंय की कुणीतरी मुद्दाम करतं. ते माहीत असून, धाकट्यांना ऊब मिळावी म्हणून पहिलं पोर तुझ्यापुढे आणून ठेवायचं? ते तर मग आम्हीच केल्यासारखं झालं. आम्ही नाही जाणार."

"मग धाकटी गारठतील."

"म्हणून धाकटीही नकोत," मुलगी शांतपणे म्हणाली. "आम्ही सगळ्याजणींनी ठरवलंय."

कुमुद पडद्यासमोरून उठली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. सगळं जागच्या जागी ठेवून तिने एकच गोष्ट बदलली होती. त्यांना खरं सांगितलं होतं. आणि ते तिने त्यांच्यासाठी सांगितलं नव्हतं. एकटीला पेलवेना म्हणून सांगितलं होतं. तिला वाटलं होतं, कबुली दिली की अपराध हलका होतो. तो हलका झाला नाही. तो डोंगरावरच्या प्रत्येक आईच्या वाट्याला आला, आणि त्या बायका तिच्याहून प्रामाणिक निघाल्या. माहीत असून करायचं नाही, असं त्यांनी सरळ ठरवलं.

"फिरोज, जुनी प्रत उघड," ती म्हणाली.

"मॅडम, दिठीची पोरगी चौदाची झालीया."

"ठाऊक आहे."

"त्यांना विचारायचं न्हाई?"

"नाही. विचारलं की कळतं."

फिरोजने आज्ञा लिहिली, पण कळ दाबायला तो पुढे झाला नाही. ती कुमुदनेच दाबली. पडदा क्षणभर पांढरा झाला, मग डोंगर दिसू लागला. घराघरांत थोरल्या मिश्र मुली धाकट्यांना पोटाशी घेऊन निजल्या होत्या. एक हजार नऊशे चौदा मुलं त्या हिवाळ्यांतून सुखरूप बाहेर पडणार होती. एक कातळी नवरी हसत, मैत्रिणींच्या घोळक्यात, तळ्याकडे निघाली होती.

हे आपण त्या मुलांसाठी केलं की त्या बायकांच्या नजरेतून सुटण्यासाठी, हे कुमुदला सांगता आलं नसतं. तसं विचारणारंही आता कुणी राहिलं नव्हतं. त्या सबंध जगात तिचं नाव ठाऊक असलेलं, तिच्यावर राग धरू शकेल असं एकही माणूस उरलं नव्हतं.