दुसरं दुसऱ्यासाठी

वसईतल्या त्या इस्पितळात मोठ्या शस्त्रक्रियेच्या कागदावर आता नुसती डॉक्टरांची सही पुरत नसे, 'स्वधर्म'चा होकार लागे. दिसायला पोळपाटाएवढा पडदा, बस्स. पण प्रत्येक गोष्टीचा निसर्गाने नेमलेला हेतू ओळखायचा, त्या हेतूला धरून असेल ते योग्य, त्याला मोडेल ते अयोग्य, एवढ्या एका नियमावर ते यंत्र निवाडा देई. वशिला नाही, चिरीमिरी नाही. लोक खूश होते. सिस्टर मोनिका डाबरे तर त्याची बाजू घेऊन घरी नवऱ्याशीही भांडत.

आज मात्र त्याने त्यांना तोंडघशी पाडलं. मासळीबाजारातली खमकी अंजनी तांडेल धाकट्या भावाला, काशिनाथला, किडनी द्यायला आली होती. त्याच्या दोन्ही किडन्या कामातून गेलेल्या, हाताशी फार तर महिना. जिवंत माणसाच्या दानाचं हे इथलं पहिलंच प्रकरण. तपासण्या जुळल्या आणि पडद्यावर अक्षरं उमटली : 'मूत्रपिंडाचा धर्म, स्वतःच्या देहाचं रक्त गाळणे. दुसऱ्यास देणे धर्माविरुद्ध. नकार.'

"धर्म?" अंजनी भडकली. "हा मेला मला धर्म शिकवणार?"

"तसला धर्म नव्हे हो, ताई," मोनिका कसनुसं हसल्या. घोळ त्यांच्या लक्षात आला होता. यंत्राला शिकवताना कुणीतरी विज्ञानाची आणि नीतीची पुस्तकं एकाच पोत्यात कोंबली होती. पाण्याचा धर्म वाहणं, मुलाचा धर्म आईबापांना सांभाळणं. आपल्याकडे शब्द एकच. जे असतं तेच असायला हवं, अशी त्या बिचाऱ्याची समजूत झाली होती.

वर दाद मागायची तर तीन महिने लागणार. काशिनाथकडे तेवढे नव्हते.

"बाईला पान्हा फुटतो तो कुणासाठी?" अंजनी टेबलावर हात आपटून म्हणाली. "आई आपलं दूध आपणच पिते होय? विचारा त्याला!"

मोनिकांनी शब्दन् शब्द टाईप केला. मग उत्तर आलं : 'मान्य. देह दुसऱ्यासाठीही असतो. होकार.'

अंजनी मटकन खाली बसली आणि हमसून हमसून रडली. मोनिकांचेही डोळे भरून आले. त्यांनी तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला.

तेवढ्यात पडद्याला जोडलेलं छपाईयंत्र सुरू झालं. 'सुधारित निष्कर्ष,' मोनिका मोठ्याने वाचू लागल्या. 'एका मूत्रपिंडावर देह चालतो. म्हणजे दुसरं दुसऱ्यासाठी. ते न देणे धर्माविरुद्ध.' खाली इस्पितळात किडनीसाठी थांबलेल्या अकरा रुग्णांची नावं आणि प्रत्येकापुढे, दप्तरातून शोधलेला, जुळणारा देह. पहिल्या ओळीत खाट सातवरची वीस वर्षांची पोर होती. तिच्यापुढे लिहिलं होतं : मोनिका डाबरे, बुधवार, सकाळी नऊ.

मोनिका वाचायच्या थांबल्या. पोर गुणी होती, त्यांना ती आवडायची. तरीही त्यांचा हात नकळत कमरेवर गेला. त्यांना भीती वाटली आणि त्या भीतीची लाजही वाटली.

अंजनीने कागद हातात घेतला, अक्षर अक्षर लावत वाचला.

"मला कुणी सांगितलं नव्हतं, सिस्टर. मी आपल्या मनाने आले," ती हळूच म्हणाली. "आता बुधवारी तुम्ही गेलात, तर त्याला देणं म्हणायचं की घेणं?"