पुनवेच्या दुपारची फुली

भरदुपारी कुठं भूत असतं, असं मीही हसून म्हणायचे. आता म्हणत नाही.

पाच नोव्हेंबर २०२५. त्रिपुरी पौर्णिमा. मुरुडजवळचा आमचा कोळीवाडा.

त्या दिवशी सुनामीचा सराव होता. भोंगा वाजला की सगळ्यांनी टेकडीवरच्या शाळेत जायचं. घरं तपासायची आणि रिकाम्या घराच्या दारावर खडूने फुली मारायची, हे काम माझ्याकडे.

"हेमांगी, तुझं काय, एकटा जीव सदाशिव! तूच शेवटी ये," दत्तात्रेय मास्तर म्हणाले.

मीही हसले. नवरा जहाजावर. सासू शिमग्यात वारली. माझ्यासाठी कोण खोळंबणार होतं?

शेवटची फुली मारली... आणि लाटांचा आवाज थांबला.

पुनवेला दुपारी बाराच्या सुमारास भरती असते. पाणी धक्क्याला लागायला हवं होतं.

पाणी नव्हतंच.

नजर जाईल तिथवर नुसता गाळ. त्यात मासे तडफडत होते... पण आवाज नाही.

मास्तरांचं बोलणं आठवलं. समुद्राच्या तळाशी भूकंप झाला की लाट सुटते. खोल पाण्यात ती होडीला कळतही नाही. किनाऱ्याजवळ आली की उभी राहते. कधी कधी त्याआधी समुद्र मागे सरतो. तेव्हा मासे वेचायला थांबायचं नाही, पळायचं.

लांब गाळात एक बाई वाकून मासे वेचत होती.

पाठमोरी... पण एक हात कमरेवर ठेवून वाकायची ती सवय मी ओळखली.

माझी सासू. सत्यवती.

"आय, वर चल!" मी ओरडले.

ती हलली नाही. मी गाळात उतरले. तिला सोडून कशी जाऊ? आठ महिन्यांत त्या घरात माझ्याशी कुणी बोललं नव्हतं.

ती वळली नाही. आवाज मात्र माझ्या कानाशी आला...

"माझं न्हाय, तुझं बघ. तुला बघाया मागं कोन हाय? वर जा!"

मी पळाले. रडत पळाले.

टेकडीवरून वळून पाहिलं... पाणी धक्क्याला लागलं होतं. नेहमीची भरती. कुणालाच काही दिसलं नव्हतं. माझे पाय मात्र गुडघ्यापर्यंत गाळाने भरले होते.

संध्याकाळी घरी आले.

दारावर फुली होती... ओल्या गाळाची.

माझं घर तपासायचं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. माझ्याही. तिने तपासलं. 

मी ती फुली पुसली नाही. दर पुनवेला, दुपारी बाराला, ती पुन्हा ओली होते.

फुली म्हणजे घरात कुणी नाही.

मी तर आतच बसलेली असते.